खरखरीचे कौतुक

या सदराकडे वर्षभरात जी पत्रे येतात, त्यांतली निम्मी तरी आवाज घालवण्याविषयी असतात. पंखा कुरकुरतो, काय करावे? मिक्सर किंचाळतो, उपाय सांगा. स्पीकरमधून सारखा घूं असा सूर येतो, तो कसा थांबेल? मी माझ्या मगदुराप्रमाणे उत्तरे देतो आणि बहुतेकांचे पंखे गप्प बसतात. यंदाच्या दिवाळीला मात्र उलटी गंगा वाहणार आहे. चांगल्या, स्वच्छ, गोड आवाजात मुद्दाम खरखर कशी घालावी, हा आजचा विषय. फटाक्यांच्या दिवसांत असला विषय काढायला संकोच वाटण्याचे कारण नाही.

हा विषय आमच्या घरात आणला तो माझ्या भाच्याने. आमचे घर रेवसला. अलिबाग तालुक्याच्या उत्तर टोकाला, धरमतरच्या खाडीच्या मुखाशी हे बंदर आहे. खाडीपलीकडे करंजा दिसतो आणि मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी लाँच इथे लागते. गेल्या मे महिन्यात त्याच लाँचमधून भाचा उतरला. अकरावीची परीक्षा नुकतीच आटोपलेली, पाठीवर विजेची गिटार, हातात लहानसा ॲम्प्लिफायर. हातपाय धुऊन चहा घेतला नाही तोच म्हणाला, "मामा, या सुट्टीत मला फझ बनवायचाय."

"अरे मग बनव की!" आई आतून म्हणाली. "डाळीचं पीठ आहे घरात." तिला 'भजी' असे ऐकू आले होते.

फझ म्हणजे काय ते आधी सांगतो. गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये, वादकाच्या पायाशी एक लहान पेटी ठेवतात. पायाने बटण दाबले की गिटारचा सूर तिच्यातून जातो आणि बाहेर पडताना तो फाटलेला, घोगरा, गुरगुरणारा होऊन पडतो. पायाने चालते म्हणून तिला पेडल म्हणतात. विकत घ्यायची तर तिला काही हजार रुपये पडतात. आवाज बिघडवण्यासाठी एवढे पैसे मोजायचे, हे आमच्या पिढीला चटकन पटत नाही. आमच्या वेळी तो फुकट बिघडत असे.

आणि गंमत अशी की, या पेटीचा इतिहासही फुकट बिघडलेल्या आवाजापासूनच सुरू होतो. १९५१ साली अमेरिकेत 'रॉकेट ८८' नावाच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा गिटारचा ॲम्प्लिफायर दुखावलेला होता. स्पीकरमध्ये कागद कोंबून वेळ मारून नेली आणि तो फाटका आवाजच लोकांना आवडला. १९५८ मध्ये लिंक रे नावाच्या वादकाने 'रंबल' या धुनेसाठी आपल्या स्पीकरला पेन्सिलीने भोके पाडली. पुढे नॅशव्हिल गावी मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी' या गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना यंत्राचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांचे वाद्य मधेच भुंग्यासारखे गुणगुणू लागले. १९६१ साली ते गाणे तसेच बाजारात आले आणि गाजले. ते यंत्र सांभाळणारे ग्लेन स्नॉडी हे मोठे धोरणी गृहस्थ. बिघाड रोज हुकमी होईलच असे नाही, हे ओळखून त्यांनी ट्रान्झिस्टर जोडून तोच बिघाड एका डबीत बसवला. १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने ती डबी 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने विकायला काढली. १९६५ साली 'रोलिंग स्टोन्स' या इंग्रजी मंडळींच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये ती वाजली आणि मग जगभरच्या तरुणांना आपापला सूर फाडून घेण्याची घाई झाली.

ती घाई आपल्याकडेही आलीच. १९७० आणि ७१ साली 'सिमला बीट' नावाच्या स्पर्धेसाठी देशभरची तरुण पथके मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात गिटारी घेऊन जमली होती. १९७१ सालीच 'हरे रामा हरे कृष्णा' चित्रपटातल्या 'दम मारो दम'मधली गिटार घरोघरच्या रेडिओवर घुमू लागली. ती वाजवणारे भूपिंदर सिंग पुढे गझल गायक म्हणून नावाजले. मराठी घरांतही हे वारे शिरले. आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे हे इंग्रजी रॉक गाणारे. १९७४ मध्ये मुंबईच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ते जूडास झाले, आणि १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'त त्यांनी तोच गळा मराठीत लावला. त्या काळी परदेशी माल आणायचा तर परवाना हवा आणि वर जबर जकात. तेव्हा ज्याला फझ हवा त्याला रेडिओच्या सुट्या भागांकडेच वळावे लागे.

आता कोणी विचारील, की या परक्या खरखरीचे आपल्याला काय? तर मी म्हणतो, खरखरीचे कौतुक आपल्याला कोणी शिकवायला नको. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून आपण जवारी लावतो, ती काय असते? तार नुसती वाजली तर तिचा सूर बोडका वाटतो. घोडीच्या रुंद, किंचित उतरत्या पाठीवर ती हलकेच घासू लागली की तिच्यातून सुरांचे मोहोळ उठते. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी याचा अभ्यास करून १९२१ साली निबंध लिहिला होता. तार जिथे छेडावी तिथे ज्या वरच्या सुराचा स्थिर बिंदू येतो, तो सूर त्या तारेतून उमटू नये, असा युरोपीय शास्त्रज्ञांचा नियम. आपला तंबोरा आणि वीणा तो नियम खुशाल मोडतात, हे रामन यांनी दाखवून दिले. मिरजेच्या कारागिरांच्या कित्येक पिढ्या हा नियमभंग अचूक करण्यात खर्ची पडल्या. त्यांच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

फझची पेटी हे काम विजेने करते. भाताच्या पेंढ्याची उंच रचलेली गाडी ठेंगण्या कमानीखालून हाकली तर काय होते? वरचा पेंढा कमान तासून घेते आणि गाडी सपाट माथ्याची होऊन बाहेर पडते. पेटीतली बॅटरी ९ व्होल्टची, म्हणजे कमानीची उंची तेवढीच. गिटारचा इवलासा सूर आत शिरल्यावर ट्रान्झिस्टर त्याला इतका फुगवतो की तो कमानीत मावत नाही. लाटेचे माथे तासले जातात. गोल लाट चौकोनी झाली की मूळ सुराबरोबर त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे सूर निघू लागतात. आपल्या कानाला त्याचीच गुरगुर वाटते.

पेटीत सामान तरी किती? १९६६ साली लंडनमध्ये 'फझ फेस' नावाची गोल पेटी निघाली, तिची मांडणी आज पोरासोरांना पाठ आहे. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टन्स, तीन कंडेन्सर आणि दोन फिरवायच्या खुंट्या. एकूण नग ११. भाच्याने नऊ नग लॅमिंग्टन रोडवरून कागदाच्या पुडीत बांधून आणले होते. राहिले होते ते दोन ट्रान्झिस्टर.

कारण त्याला हवे होते ते जर्मेनियमचे. हल्लीचे ट्रान्झिस्टर सिलिकॉनचे असतात. त्यांचा फझ कडक, धारदार वाजतो. जर्मेनियमचा जरा मऊ, लोकरीसारखा. या धातूची कथाही मौजेची आहे. मेंडेलीव्हने १८७१ मध्ये, तो सापडण्याच्या आधीच, त्याचे भाकीत केले आणि त्याला नाव दिले 'एकासिलिकॉन'. त्यातले 'एक' हे आपल्या संस्कृतातले. १८८६ मध्ये विंक्लर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला तो सापडला. जगातला पहिला ट्रान्झिस्टर १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत झाला, तो याच जर्मेनियमचा. आपल्याकडे बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२ पासून जर्मेनियमचा माल काढायला सुरुवात केली. रेडिओच्या शेवटच्या टप्प्यात स्पीकर हलवण्यासाठी 'एसी १२८' नावाच्या ट्रान्झिस्टरांची जोडी बसवीत. धातूची टोपी घातलेले, तीन पायांचे हे लहानगे गडी आता कोणी बनवीत नाही. जुन्या रेडिओतच भेटतात.

एवढे सांगून भाचा गप्प झाला आणि त्याने फडताळाकडे पाहिले. फडताळावर माझ्या वडिलांचा रेडिओ होता.

इथे थोडे मागे जावे लागेल. १७ जुलै १९४७ या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वाटेत काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या दिवशी अमावस्या होती, सणाला घरी येणारी माणसे होती. माझे वडील तेव्हा बारा वर्षांचे. त्यांचे काका त्या बोटीने यायचे होते, म्हणून ते बंदरावर जाऊन बसले. संध्याकाळ झाली तरी बोट दिसली नाही आणि काय झाले ते सांगायलाही कोणी नव्हते. काका आले नाहीतच. पुढे वडील बंदरावर कारकुनी करू लागले. १९६८ साली त्यांनी साठवलेल्या पैशांतून रेडिओ घेतला. शेजाऱ्यांना वाटे, गाण्यांसाठी घेतला. घरात 'आपली आवड' लागत असेही; पण वडिलांचा रेडिओ खरा मच्छीमारांना दिल्या जाणाऱ्या इशाऱ्यासाठी. पावसाळ्याच्या तोंडी ते रोज संध्याकाळी बातम्या ऐकत, आणि वाऱ्याची गोष्ट निघाली की चपला अडकवून बंदरावर जात आणि नाखवांना सांगून येत. त्यांना कोणी ते काम दिले नव्हते.

वडील २००९ मध्ये गेले. रेडिओ त्याआधीच मुका झाला होता. खारी हवा लोखंडाचे करते तेच तिने त्याचे केले. स्टेशन लावण्याच्या कंडेन्सरच्या पट्ट्या गंजून एकमेकींना चिकटल्या होत्या आणि आतल्या तारेची गुंडाळी तुटली होती. तरी आई दर शनिवारी त्याच्यावरून फडके फिरवते. काटा मुंबईवर आहे, तो तिने हलवू दिलेला नाही.

भाच्याने आजीला विचारले नाही, मला विचारले. मी म्हटले, "बाबा रे, वस्तू माझी नाही. तिलाच विचार." दोन दिवस त्याने विचारले नाही. सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर दहा रुपयांत मिळतात, तेच घालतो, असेही म्हणाला. तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडता निवडता आईनेच विषय काढला.

"त्यातलं काय हवंय तुला?"

"दोनच वस्तू, आजी. वाटाण्याएवढ्या."

"त्या काढल्यावर रेडिओ लागेल का परत?"

"तो आताही लागत नाही, आजी."

"ते मला ठाऊक आहे," आई म्हणाली. "मी विचारतेय, पुढे कधी कोणी दुरुस्त करतो म्हणाला तर?"

भाच्याने माझ्याकडे पाहिले. पोराने खोटे सांगितले नाही याचे मला बरे वाटले. "तर त्याला हे दोन परत आणून लावावे लागतील," तो म्हणाला. "मी पेटीत ते पक्के डकवणार नाही. खाचेत बसवीन. हवे तेव्हा उपटून निघतील."

आईने ताट बाजूला ठेवले. "मग माझ्या देखत काढ. आणि काट्याला हात लावू नकोस."

तशी ती जोडी निघाली. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही, म्हणून सोल्डरिंगची कांब टेकवताना ट्रान्झिस्टरचा पाय पकडीने चिमटीत धरावा, म्हणजे उष्णता पकडीत जाते, आत पोचत नाही. आई चष्मा लावून समोर बसली होती. मीटरवर दोन्ही गडी ठणठणीत निघाले. एकाची सूर फुगवण्याची ताकद थोडी कमी, दुसऱ्याची जास्त. कमी ताकदीचा पहिल्या जागी आणि जास्तीचा दुसऱ्या जागी लावायचा, असा या मांडणीचा रिवाज आहे.

ज्यांच्या घरी असा उद्योगी मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी सांगून ठेवतो. एसी १२८ हा उलट्या जातीचा ट्रान्झिस्टर. त्याच्या मांडणीत बॅटरीचे अधिक टोक जमिनीला, म्हणजे पेटीच्या अंगाला जाते. नेहमीच्या सवयीने उणे टोक जोडले तर पेटी मुकी राहते. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर बॅटरीच्या साधारण निम्मे, म्हणजे साडेचार व्होल्ट यावेत. जुने ट्रान्झिस्टर एकासारखा एक नसतो, म्हणून तिथला ८.२ किलो-ओहमचा रेझिस्टन्स कायमचा न लावता फिरवता येणारा लावावा आणि मीटर पाहत जुळवावा. पेटी धातूचीच घ्यावी. आम्ही वडिलांचा ॲल्युमिनियमचा जेवणाचा डबा घेतला. त्याला भोके सहज पडतात. मात्र ॲल्युमिनियमवर साधे सोल्डर धरत नाही, तेव्हा जमिनीची तार खोबणीच्या नटाखाली वॉशर घालून आवळावी.

धातूची पेटी का, याचे उत्तर आमच्या तालुक्यातच आहे. गिटारच्या तारांखाली लोहचुंबक असतो आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार हलली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत वीज उमटते. असले साधन आजूबाजूच्या प्रत्येक विजेच्या तारेची भुणभुण ऐकत बसते. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीचे चुंबकत्व मोजणाऱ्या शास्त्रज्ञांना हाच ताप होणार होता. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या यायच्या, म्हणून त्यांनी आपली नाजूक उपकरणे १९०४ मध्ये अलिबागला हलवली आणि तिथे आजही मोजणी चालते. आपल्याला घर हलवता येत नाही; डब्याचे झाकण घट्ट लावता येते.

पाचव्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास पेटी पहिल्यांदा वाजली, आणि वाजली ती धाप लागल्यासारखी. सूर निघे आणि अर्ध्यात गळून जाई. भाच्याचा चेहरा उतरला. पण यात त्याचा दोष नव्हता, मे महिन्याचा होता. जर्मेनियममधून थोडी वीज नेहमीच झिरपते, आणि पारा दर दहा अंश चढला की ते झिरपणे साधारण दुपटीने वाढते. सगळे जुळवलेले व्होल्ट सरकतात. परदेशातले नाणावलेले वादकही या दुखण्याने बेजार असत. मी म्हटले, "ऊन उतरू दे."

रात्री जेवणे झाली, खाडीवरून वारा सुटला. भाच्याने पडवीत बसून पायाने बटण दाबले आणि एकच तार छेडली. घोगरा, जाड, लांबलचक सूर निघाला आणि विरेना. मी आईकडे पाहिले. आता कानांवर हात जाणार, अशी माझी खात्री होती. वडिलांना आवाज चढवलेला मुळीच खपत नसे, आणि हिलाही तीच सवय.

आईने हात उचलला तो पोराला थांबवण्यासाठी नव्हे. "पुन्हा वाजव," ती म्हणाली.

त्याने पुन्हा वाजवले.

"सेल संपत आले की अगदी असाच वाजायचा," आई म्हणाली. "एका पावसाळ्यात रात्रभर वारा होता. सेल उतरलेले, दुकानं बंद. बातम्या देणारा काय बोलतो तेच कळेना. ह्यांनी रेडिओ कानाशी धरला, डोळे मिटले, आणि एवढंच म्हणाले, 'समुद्रात जाऊ नये म्हणतोय.' तसेच उठून गेले बंदरावर. छत्रीसुद्धा नेली नाही."

ही हकीकत मी साठ वर्षांत कधी ऐकली नव्हती.

शास्त्र तिच्या बाजूने होते. सेल उतरले की कमान ठेंगणी होते, सुराचे माथे तासले जातात, आणि रेडिओतली ती जोडी नेमके हेच करते. पेटीने आवाज नवा काढला नव्हता. त्या दोघांच्या अंगचाच आवाज होता. पुढची सुट्टी संपेतो भाच्याला रोज रात्री नऊ ते साडेनऊ पडवीत वाजवण्याची परवानगी मिळाली. नंतर तो पेटी घेऊन मुंबईला गेला. त्याआधी आईने डब्यावर एक पट्टी चिकटवून घेतली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिले: "यातले दोन रेवसचे."

आता दिवाळीच्या आवराआवरीत तुमच्याही माळ्यावरून असा एखादा जुना ट्रान्झिस्टर खाली येईल. किलोच्या भावाने तो भंगारवाल्याच्या तराजूत टाकण्याआधी मागचे झाकण उघडून पाहावे. फुटलेले सेल असतील तर ते काढून टाकावेत, कारण त्यांचे पाणी तांबे खाते. घरात दिव्यांचा, म्हणजे व्हॉल्व्हचा जुना रेडिओ असेल तर मात्र मुलांना त्याला हात लावू देऊ नये. त्यात शेकडो व्होल्ट खेळतात आणि बटण बंद केल्यावरही काही काळ कंडेन्सरमध्ये दबा धरून बसतात. ट्रान्झिस्टरमध्ये स्पीकरच्या जवळ धातूची टोपी घातलेली जोडी दिसली, तर ती अजून जिवंत असण्याचा संभव पुष्कळ आहे. काढायची तर जरूर काढा. तेवढे घरातल्या वडील माणसाला आधी विचारा, आणि त्यांच्या समोर बसून काढा. रेडिओविषयी ती माणसे पुष्कळ बोलतील. घाई करू नका.